विषय : लोड बॅलन्सर (आलेल्या जोडण्या सर्व्हरांमध्ये वाटणारी यंत्रणा) चुकीचे पोर्ट तपासत असल्याने निम्म्याहून अधिक जोडण्या तुटण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

आपल्या मदत केंद्राला आज केलेला पाचवा फोनही निष्फळ ठरल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आमच्या कुबरनेटिस क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या समूहात) पाच नोड, म्हणजे सर्व्हर, असून आडत्यांच्या हिशेबाच्या अ‍ॅपचे पॉड (चालू प्रती) त्यांपैकी दोनच नोडवर चालतात. वापरकर्त्याचा मूळ आयपी पत्ता आमच्यापर्यंत पोहोचावा म्हणून सर्व्हिसची (जोडण्या पॉडपर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेची) एक्स्टर्नल ट्रॅफिक पॉलिसी, म्हणजे बाहेरून आलेल्या जोडण्या कशा वाटायच्या याची सेटिंग, आम्ही ‘लोकल’ ठेवली आहे. या पॉलिसीत पॉड नसलेला नोड आलेली जोडणी दुसऱ्या नोडकडे पाठवत नाही. म्हणूनच कुबरनेटिस अशा सर्व्हिसला हेल्थ चेकसाठी (नोड जोडणी घेऊ शकतो का या तपासणीसाठी) वेगळे पोर्ट नेमून देते, जिथे पॉड असलेला नोड २०० (ठीक) असे उत्तर देतो आणि नसलेला ५०३ (सेवा उपलब्ध नाही). आपला लोड बॅलन्सर ते पोर्ट सोडून १०२५० वर, म्हणजे प्रत्येक नोडवर असणाऱ्या क्यूबलेटकडे (नोडवरचे पॉड सांभाळणाऱ्या कुबरनेटिसच्या प्रोग्रॅमकडे) चौकशी करतो. साहजिकच त्याला पाचही नोड धडधाकट दिसतात.

आज आपल्या प्रतिनिधींसमोर, स्क्रीन शेअर करून, मी दहा वेळा कर्ल (टर्मिनलवरून सर्व्हरला विनंती पाठवणारा प्रोग्रॅम) चालवले. चार वेळा उत्तर आले, सहा वेळा टर्मिनल नुसते थांबून राहिले. त्यावर त्यांनी मला ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगितले. कर्लचा ब्राउझरशी काहीही संबंध नाही, हे सांगितल्यावर “आमच्या डॅशबोर्डवर सगळे नोड हिरवे आहेत, म्हणजे अडचण तुमच्या अ‍ॅपमध्येच आहे,” असे उत्तर मिळाले. ज्या हिरव्या खुणा चुकीच्या आहेत अशी माझी तक्रार आहे, त्याच मला पुरावा म्हणून दाखवण्यात आल्या. बारा वर्षे हेच काम करणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले, याचे मला फार वाईट वाटले.

शेवटी पॉलिसी ‘क्लस्टर’ करण्याचा सल्ला मिळाला. तसे केल्यास प्रत्येक वापरकर्ता नोडच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसेल आणि चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्या एकाला अडवताना सगळे आडते अडतील. हे मी आधीच्या चारही फोनवर सांगितले होते.

हेल्थ चेक योग्य पोर्टवर वळवून सात दिवसांत लेखी कळवावे आणि या काळातील लोड बॅलन्सरचे शुल्क परत करावे. अन्यथा आम्ही क्लस्टर दुसरीकडे हलवू व ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

आपला,
एक ग्राहक