अँटेना पोरंच बनवतायत, सामान तेवढं द्या मंडळी!

नमस्कार, आपल्या वाचनालयाच्या विज्ञान कट्ट्यावरची आठवी-नववीची पोरं सध्या एकाच गोष्टीच्या मागे लागलीयत, सॅटेलाइटवरून ढगांचा फोटो घ्यायचा, पण इंटरनेटवरून नाही, थेट सॅटेलाइटकडूनच, आणि तोही स्वतः बनवलेल्या अँटेनावर.

रशियाचे दोन हवामान उपग्रह, मेटिओर-एम एन 2-3 आणि एन 2-4, साधारण 820 किमी उंचीवरून रोज आपल्या डोक्यावरून जातात आणि खाली जे दिसेल ते रेडिओ लहरींवर, 137 मेगाहर्ट्झच्या आसपास, पाठवत राहतात, ज्याला जमेल त्याने घ्यावं, फुकट. अमेरिकेचे जुने नोआ हवामान उपग्रह पकडायला त्याहून सोपे होते, पण ते 2025 मध्ये बंद झाले. आपण उशिरा जागे झालो, चालायचंच.

"आमच्या घरावरची डिश न्या की" असं बरेच जण म्हणाले. नाही चालत हो! ती डिश आकाशात एका जागी दिसणाऱ्या उपग्रहाकडे तोंड करून बसते, आणि हा गडी उत्तर-दक्षिण पळतो, जास्तीत जास्त पंधरा मिनिटांत गायब. म्हणून सगळ्या आभाळाचं ऐकणारा व्ही डायपोल करायचाय, अॅल्युमिनियमच्या दोन दांड्या, प्रत्येकी 53-54 सेमी, मधे 120 अंशांचा कोन, आडव्या ठेवायच्या, झालं. ही लांबी का, तर 137 ची तरंगलांबी साधारण 2.19 मीटर, तिचा चौथा भाग आणि त्यातून थोडं कमी, हे पोरांनी स्वतः काढलंय, म्हणून तयार अँटेना घेऊन देतो म्हणणाऱ्यांचे आभार, पण तो नको.

डिश नको, पण तिची उरलेली केबल नक्की द्या, 75 ओहमची चालते. शिवाय पीव्हीसी पाइपचे तुकडे, दांड्या, आणि चालू स्थितीतला जुना लॅपटॉप, कारण हा सिग्नल डिजिटल आहे आणि सॅटडंप नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्याचा फोटो करतं. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनो, मुंबईच्या माळ्यावर असला लॅपटॉप पडलाच असेल, तेवढा पिशवीत टाका ना.

विकत घ्यावाच लागेल असा एकच मोठा आयटम, आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे अँटेनाचा सिग्नल लॅपटॉपला देणारा छोटा यूएसबी रिसीव्हर, त्यासाठी वर्गणी काढतोय, पन्नास रुपयेसुद्धा चालतील. त्याच्यावर स्पेस स्टेशनचं 145.800 मेगाहर्ट्झ पण लागतं, 2025 च्या जुलैत अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथूनच हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओवरून, भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले होते ते आठवत असेल, त्यामुळे पोरांचा उत्साह काय विचारू नका.

अजून दोन गोष्टी. सोल्डरिंग शिकवायला टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाले कुणी काका एखाद्या रविवारी येतील का? आणि चारी बाजूंनी मोकळी, माडांच्या वरची एखादी गच्ची हवीय. वीज कडाडायला लागली की अँटेना काढून केबल सोडवायची, हे पोरांना बजावलंय, घरमालकांनी काळजी करू नये.

सामान आणि पैसे वाचनालयातच द्या, संध्याकाळी, आणि पैशांची पावती मागून घ्या. सोमवारी बंद असतं.