वादचर्चेतला विजय आणि मतपेटी

महोदय,

अमेरिकेतील अध्यक्षीय वादचर्चा संपते न संपते तोच ‘कोण जिंकले’ याची टक्केवारी झळकते आणि आपल्याकडच्या वाहिन्या ती निकालाच्या थाटात वाचून दाखवतात. १० सप्टेंबर २०२४ रोजी फिलाडेल्फियात हॅरिस आणि ट्रम्प समोरासमोर आले. सीएनएनच्या पाहणीत ६३ टक्के प्रेक्षकांनी हॅरिस यांना कौल दिला. नोव्हेंबरात जिंकले ट्रम्प. २०१२मध्ये डेन्व्हरच्या वादचर्चेत ओबामा अगदीच निस्तेज दिसले, ६७ टक्क्यांना त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी सरस वाटले. तरी निवडून आले ओबामाच.

या पाहण्यांत प्रश्न फक्त ‘बोलले कोण चांगले’ एवढाच असतो, आणि रात्री जागून चर्चा पाहणारे बरेचसे आधीच मन पक्के करून बसलेले असतात.

शिवाय ही मते रातोरात पालटतात. १९७६च्या वादचर्चेत, पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे वस्तुस्थितीच्या उलट विधान अध्यक्ष फोर्ड करून गेले. त्या रात्री बहुतेक प्रेक्षकांना त्यात फारसे काही खटकले नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ते विधान उगाळले, आणि फोर्ड यांचे प्रतिस्पर्धी कार्टर जिंकले म्हणणाऱ्यांची संख्या एकदम फुगली! मग ही प्रतिक्रिया मतदारांची म्हणायची की बातमीची?

आपल्या दैनिकाने अशी टक्केवारी छापताना किती जणांना विचारले आणि त्यांत कोणत्या पक्षाचे किती होते, हेही दोन ओळींत द्यावे. सीएनएन स्वतः ते सांगते. आपल्याकडे पोहोचेपर्यंत नेमके तेवढेच गळते.

– एक वाचक, डोंबिवली