धबधब्याचा फोटो छापता, तर शेजारी विसर्गाचा आकडाही छापा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा पण विसर्गाच्या, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याच्या, आकड्याचा मुद्दा तेवढा ठेवा.

मी तुमचा पेपर रोज वाचते आणि उलटा वाचते, म्हणजे आधी आतल्या पानावरचा धरणांच्या साठ्याचा तक्ता आणि मग बाकीचं जग. कारण सासर संगमनेर तालुक्यात, निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यावर. 1970 साली मंजूर झालेलं काम, कालव्याला पाणी दिसलं 2023 ला, सासरे वाट बघून बघून गेले. तर आमच्या घरात भंडारदरा किती झालं, निळवंडे किती झालं, हे चहाच्या आधी विचारतात. आणि माहेर माझं वर अकोले तालुक्यात, शेंडीच्या पलीकडं, जलाशयाच्या काठाला. पाणी कोसळतं तिथली मी लेक आणि तेच पाणी आवर्तनात, म्हणजे कालव्याच्या पाळीनं, मोजून मिळतं तिथली सून, म्हणून दोन्हीकडचं थोडंफार कळतं.

आता मुद्दा. जूनचे दोन शिंतोडे पडले रे पडले की तुमच्या शनिवारच्या पुरवणीत भंडारदऱ्याचं पान येतं. वर रंधा धबधब्याचा अर्ध्या पानाचा फोटो, पांढराशुभ्र, बघूनच अंगावर तुषार आल्यासारखं वाटावं असा. फोटो खोटा नाहीये पण तो जूनचा नाही हो! तो धरण भरल्यावर पाणी सोडलं तेव्हाचा आहे, आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

मागच्या वर्षी जूनच्या शेवटी माहेरी गेले होते, भाच्याच्या गाडीवर राजूरला बाजाराला निघालो, वाटेत रंध्याला थांबलो घोरपडादेवीला हात जोडायला. तिथं नाशिकचं एक कुटुंब, आजी-आजोबा, दोन पोरं, डब्याची पिशवी वगैरे. त्यातल्या ताईंनी मला विचारलं मावशी रंधा फॉल कुठंय. म्हटलं हाच की. त्यांनी मोबाईल पुढं केला, त्यात तुमच्याच पानाचा फोटो काढून ठेवलेला, आणि समोर बघावं तर काळाकुट्ट कातळ, खाली हिरवट डोह आणि एका कडेनं नळाचा वायसर गेल्यावर गळतं तशी पाण्याची एक धार. धाकटा विचारतो, मम्मी पाणी संपलं का? त्याचे वडील माझ्याकडंच रागानं बघायला लागले, जणू मीच बंद केलंय.

संपलं नव्हतं, अडवलं होतं. रंधा ज्या नदीवर आहे ती प्रवरा निघते रतनगडावरून, रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापाशी अजून ओढ्याएवढीच असते, तिथून ती जलाशयात शिरते आणि मग तिच्यापुढं भिंत उभी राहते. इंग्रजांनी 1910 ला काम काढलं, 1926 ला पुरं केलं, विल्सन डॅम, म्हणजेच आमचं भंडारदरा. साठा 11,039 दशलक्ष घनफूट. रंधा या भिंतीच्या खाली दहाएक किलोमीटरवर आणि त्याच्या खाली निळवंडे. म्हणजे घाटघर, रतनवाडीला जून-जुलैत कितीही पाऊस कोसळू द्या, ते पाणी आधी धरणात साठवतात. 15 ऑगस्टला भंडारदरा भरायचं हा जुना हिशोब, हल्ली कधी जुलैअखेरीला भरतं, कधी लांबतं. त्याच्या आधी रंध्याला जे येतं ते बहुतेक आसपासच्या ओढ्यानाल्यांचं. आणि धरणाच्या वीजघरातून आठशे-साडेआठशे क्यूसेक (एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) सुरू असलं तरी खूश व्हायचं कारण नाही, रंध्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवून ते कोदणीच्या वीजघराकडं वळवतात, त्यामुळे नदी चालू आणि धबधबा उपाशी असंही होतं. अंब्रेला फॉलचं तर विचारूच नका, तो नावालाच फॉल, भिंतीतली मोरी उघडली तर खालच्या गोल खडकावर पाणी छत्रीसारखं पसरतं, नाही उघडली तर नुसता खडक. पानात मात्र 'अवश्य पाहा'!

मग तुमच्या तक्त्यात येतं ना, 'भंडारदरा तांत्रिकदृष्ट्या भरले', ती आमच्या लेखी धबधब्याची खरी बातमी. त्यानंतर सांडव्यातून हजारात विसर्ग सुरू होतो आणि तेव्हा रंधा बघावा, रस्त्यावर उभं राहिलं तरी छातीत धडधडतं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण ही बातमी वाचतो कोण, तर राहाता, श्रीरामपूरचे ऊसवाले आणि आम्ही. ट्रिप काढणारा माणूस ते पान उघडतच नाही.

बरं रंधा कोरडा निघाला तर लोकं घरी जातात का, नाही जात. दोनशे किलोमीटर गाडी मारलेली असते, पोरांना भिजायचं असतं, मग निघतात रिंगरोडनं. शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर. तिथले धबधबे कोणाच्या चावीवर नाहीत, पाऊस आला की सुरू, नेकलेस म्हणू नका न्हाणी म्हणू नका सगळं कड्यावरून धो धो. (ही नेकलेस वगैरे नावं आम्ही मोठं झाल्यावर ऐकली, लहानपणी तो नुसता ओहळ होता आणि आम्ही तिथं म्हशी धुवायचो.) बघावेतच ते, घाटघरच्या कोकणकड्यावर वाऱ्यानं पाणी उलटं वर उडतं ते एकदा तरी बघाच, माझी ना नाही.

पण नेमका तोच काळ आवणीचा, म्हणजे भाताची रोपं लावायचा असतो. धबधब्याचं पाणी खाली उतरतं ते भाताच्या खाचरातून, तेच पाणी धरून चिखलणी चालू असते, आणि रोप उपटल्यावर ते त्याच दिवशी लावायला लागतं, पडून राहिलं की पिवळं पडतं. एके दिवशी माझी वहिनी आणि सहा बाया सकाळपासून रोपाच्या मुठी बांधून बसलेल्या, पाठीवर प्लास्टिकची खोळ, पाऊस नुसता वैताग, आणि पॉवर टिलर रस्त्यावरच अडकला कारण खाचरात उतरायच्या वाटेवर एक पांढरी गाडी आडवी लावलेली. हॉर्न वाजवला, हाका मारल्या, कोणी नाही. दोन तासांनी मालक आले, धबधब्यावरून, भिजलेले, आनंदी, म्हणाले सॉरी हां काका आम्हाला वाटलं मोकळी जागा आहे. भाऊ माझा शांत माणूस, काही बोलला नाही. बायांची रोजंदारी दिली, अर्धं खाचर दुसऱ्या दिवसावर गेलं. बांधावर जाऊन फोटो काढणारेही असतात, बांध ढासळला की खाचरातलं पाणी निघून जातं हे त्यांना माहीतच नसतं, वाईट कोणी नसतं यातलं. आमच्या गावात चार घरांनी जेवणाची सोय केलीये, नाचणीची भाकरी, गावठी कोंबडी, त्या चार घरांना पावसाळ्यात दोन पैसे मिळतात ते याच लोकांमुळे, म्हणून लोकांनी येऊच नये असं मी म्हणणार नाही आणि सरसकट बंदीचे बोर्डही मला पटत नाहीत.

आता भीतीचं. कोरडा रंधा बघून वैतागलेला माणूस परवडला, पण भरल्या धरणाखाली नदीत उतरलेला नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर रतनवाडीला ढग फुटलेला असतो, आवक वाढली की विसर्ग वाढवतात, दोन हजाराचं पाच हजार क्यूसेक व्हायला वेळ लागत नाही. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर धरा. पाच हजार क्यूसेक म्हणजे पाण्याचे चौदा टँकर दर सेकंदाला तुमच्या अंगावरून, दहा हजार लिटरवाले. पाणी वाढवायच्या आधी भोंगा होतो, आमची माणसं जनावरं घेऊन वर येतात, आणि पाहुण्यांपैकी एकाला मी स्वतः त्या भोंग्यावर नाचताना बघितलंय, त्याला वाटलं डीजे. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली, तिथं तर कोणी दरवाजे पण उघडले नव्हते, वरच्या पावसानं ओढा फुगला बास. त्यानंतर सगळ्या पेपरांनी पानं भरून लिहिलं, तुम्ही पण लिहिलं, चांगलं लिहिलं. पुढच्या जूनमध्ये परत फोटो आला, शेजारी माहिती काय तर पुण्यापासून किती किलोमीटर आणि हॉटेलची सोय.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. शनिवारच्या पानात फोटोच्या खाली त्या दिवसाच्या तीन ओळी टाका. भंडारदऱ्याचा साठा किती, सांडव्यातून विसर्ग आहे की नाही आणि किती, रतनवाडी-घाटघरचा आदल्या दिवसाचा पाऊस किती मिलिमीटर. विसर्ग शून्य तर रंधा कोरडा, गाडी राजूरवरून वळवू नका, सरळ घाटघरला जा. विसर्ग मोठा तर रंधा वरून कठड्यापाशी उभं राहून बघा, खाली उतरू नका. जुलैत आणखी एक ओळ, आवणी चालू आहे, गाड्या गावातच लावा. मुळा नदीवर पण तसंच, आंबित धरण भरलं की हरिश्चंद्रगडाच्या अंगाचं सगळं वाहतं झालं असं खुशाल समजा, ते आधी भरतं, 193 दशलक्ष घनफुटाचं लहानसंच आहे. कृष्णवंती नदीवरचं वाकी धरणही तसंच, ते वाहायला लागलं की कळसूबाईच्या पायथ्याची गंमत सुरू.

फोटो जुना वापरला तरी चालेल, फक्त कधीचा आहे तो महिना लिहा.

आणि आकडे मागवायला कोणाला फोन करायची गरज नाही. रोज तुमच्याच पेपरात असतात, आतल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, सोन्याच्या भावाच्या खाली, इतके बारीक की मला चष्मा लावावा लागतो.

तुमची रोजची वाचक,
तालुका संगमनेर (माहेर अकोले)