वृद्धांच्या उपचारात शुश्रूषा करणाऱ्याचीही विचारपूस हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ नागरिकांच्या प्रश्नांवर चर्चा होते तेव्हा निवृत्तिवेतन, औषधोपचारांचा खर्च, सवलती आणि एकाकीपणा हे विषय हटकून निघतात, आणि ते निघायलाच हवेत. मात्र ज्या माणसाच्या भरवशावर त्या वृद्धाचा दिवस उगवतो आणि मावळतो, त्याची विचारपूस या चर्चेत क्वचितच होते. वृद्ध रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याची उस्तवार करणाऱ्यालाही ‘तुमची झोप होते का, तुम्हाला सुटी कोण देतं’ एवढे तरी विचारावे, आणि त्याच्या विश्रांतीची सोय उपचारांचाच भाग मानून आधीपासून ठरवावी, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० मध्ये जगातील दर सहा माणसांपैकी एक जण साठ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल. २०२१ मध्ये जगभरात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची संख्या सुमारे ५ कोटी ७० लाख होती. या रुग्णांना सांभाळणारे घरचे आणि जवळचे लोक रोज सरासरी पाच तास त्यांच्या देखभालीत घालवतात आणि देखभालीच्या एकूण तासांपैकी जवळपास ७० टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात, असेही हीच संघटना सांगते. ही स्त्री बहुतेकदा नोकरी सांभाळणारी मुलगी किंवा सून असते. नाहीतर स्वतःच सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली पत्नी असते.

या ताणाचा परिणाम किती खोल असतो, याचा एक अभ्यास १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांकडे संशोधकांनी चार वर्षे लक्ष ठेवले. ज्यांना त्या कामाचा मानसिक वा शारीरिक ताण जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचा धोका शुश्रूषेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. शुश्रूषा करत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी ठळक वाढ दिसली नाही. मला यातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. सेवा माणसाला मोडून टाकतेच असे नाही. ती एकट्याने, उसंत न मिळता आणि कोणी काही शिकवलेले नसताना करावी लागते तेव्हा मोडते, आणि या तिन्ही गोष्टी बदलता येण्यासारख्या आहेत.

शुश्रूषा करणारा थकतो तेव्हा त्याची झळ वृद्धालाही बसते. आपण घरच्यांना जड झालो आहोत, हे वृद्धांना फार लवकर कळते. रात्री लघवीसाठी कोणाला उठवावे लागू नये म्हणून कित्येक जण संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडतात. उतारवयात तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात पाणी कमी झाले की बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि कधी अचानक उद्भवणारा भ्रम असे एकातून एक निघत जाते. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती एका दिवसात असंबद्ध बोलू लागली किंवा सारखी गुंगीत राहू लागली, तर ‘वय झालं’ म्हणून ते सोडून देऊ नये. त्यामागे संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा नव्याने सुरू केलेले औषध असू शकते, आणि वेळीच उपचार झाले तर त्यातून सुधारणा होते. हा बदल सर्वांत आधी जवळच्या माणसाच्या लक्षात येतो; पण कित्येक रात्री सलग झोप न मिळालेल्या माणसाकडून तो निसटला, तर दोष कोणाला द्यायचा?

शिकवण्याचा मुद्दाही असाच दुर्लक्षित आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसे वळवावे, खाटेवरून खुर्चीत घेताना आपली पाठ कशी सांभाळावी, शय्याव्रणाची (सतत पडून राहिल्याने त्वचेवर होणाऱ्या जखमेची) पहिली लाली कुठे शोधावी, भरवताना रुग्णाला ताठ का बसवावे, या गोष्टी रुग्णालयातून घरी सोडताना प्रत्यक्ष करून दाखवायला हव्यात. त्यासोबत हेही सांगायला हवे की, ज्येष्ठांना जे स्वतःला जमते, ते वेळ लागला तरी त्यांचे त्यांना करू द्यावे. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन जवळपास एक किलोने घटल्याचे २००७ मधील एका अभ्यासात दिसले होते. प्रेमापोटी सगळे हातात आणून दिले तरी शरीर त्याची किंमत वसूल करतेच.

इतरत्र याची व्यवस्था झालेली आहे. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन देखभालीसाठी सक्तीचा विमा सुरू केला. जर्मनीत घरी शुश्रूषा करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनासाठीही, काही अटींवर, त्या विम्यातून हप्ता भरला जातो. जपानमध्ये वृद्धांना दिवसभर किंवा थोडे दिवस मुक्कामी ठेवण्याची सोय त्यातून मिळते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने शुश्रूषा करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या गरजांचे मूल्यमापन करून घेण्याचा हक्क दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही कुटुंबातील शुश्रूषकांना प्रशिक्षण आणि मानसिक आधार द्यावा, अशी शिफारस आहे. शुश्रूषकावरील ताण मोजण्यासाठी २२ प्रश्नांची प्रश्नावली अनेक वर्षांपासून वापरात आहे आणि ती भरायला फारसा वेळही लागत नाही.

कायदा आणि विमा येईल तेव्हा येवो, घरातली वाटणी मात्र आजही करता येते. ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणणाऱ्या नातलगांचा हेतू चांगला असतो, पण थकलेल्या माणसात मदत मागण्याचेही त्राण उरलेले नसते आणि मागितली तर आपण कर्तव्यात कमी पडलो असे त्याला वाटत राहते. त्यापेक्षा ‘दर रविवारी दुपारी चार तास मी त्यांच्याजवळ बसतो, तू बाहेर पड’ असे ठरवून सांगणे आणि ते न चुकता पाळणे अधिक उपयोगाचे. दूर राहणाऱ्या भावंडांनी फोनवरून सल्ले देण्याऐवजी औषधांची मागणी, बिले, विम्याची कागदपत्रे किंवा रात्रपाळीच्या मदतनिसाचा पगार यांपैकी एखादी जबाबदारी पूर्णपणे आपल्याकडे घ्यावी. अशा सुटीत वृद्धालाही नवा चेहरा, नव्या गप्पा मिळतात, हा लाभ मी लहान मानत नाही.

आपल्या वृत्तपत्रातील आरोग्यविषयक मजकुरात शुश्रूषा करणाऱ्यांच्या प्रश्नांना नियमित जागा द्यावी आणि त्यांची उत्तरे डॉक्टरांबरोबरच अनुभवी परिचारिका व भौतिकोपचार तज्ज्ञांकडूनही मिळवावीत, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक