पाळकाची डॉक्टरेट मराठीत लिहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) एक पाळक आहे. पाळक म्हणजे प्रोटेस्टंट चर्चचा पास्टर, आमच्याकडं खेड्यात चर्चला अजून देऊळच म्हणतात. पैसे घेऊन डॉक्टरेट वाटणाऱ्यांबद्दल मधूनमधून पेपरात येतं आणि त्यात आमचे काही पास्टर लोकही असतात हे खरंय, हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन घालून फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवसापासून बॅनरवर नावाआधी डॉ. लावायचं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मी गेली पाच वर्षं घासून डी.मिन. केलीय, म्हणजे डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, आणि आता कुणी विचारलं की पास्टर तुम्ही पण डॉक्टर झालात म्हणे, तर समोरच्याच्या डोळ्यात तोच संशय दिसतो. म्हणून हे पत्र लिहितोय, पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे, तो पुढे येईल.

आधी ही पदवी काय ते सांगतो कारण आमच्या मंडळीतही (म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांतही) बऱ्याच जणांना माहीत नाही. अमेरिकेत साधारण १९७० च्या आसपास ती रूढ झाली. पीएच.डी. वाला अभ्यासक होतो, कॉलेजात शिकवतो. डी.मिन. मात्र मंडळीत काम करत असलेल्या पाळकासाठी असते, बी.डी. किंवा एम.डिव्ह. (पाळक होण्यासाठीच्या ईशज्ञानाच्या, म्हणजे थिऑलॉजीच्या पदव्या) झालेलं पाहिजे, वर काही वर्षं प्रत्यक्ष सेवा केलेली पाहिजे, आणि सेवा न सोडता ती करायची असते. आपल्याकडं काही कॉलेजं सेरामपूरला जोडलेली आहेत, काहींना एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता आहे. सेरामपूर म्हणजे आपलं श्रीरामपूर नव्हे, इथं नेहमी गोंधळ होतो, ते बंगालमधलं, कोलकात्याजवळचं. तिथलं कॉलेज १८१८ चं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या द्यायची सनद दिली, कारण ते गाव तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं, आणि पुढं १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळात त्याचा कायदा झाला. म्हणजे विकतच्या डॉक्टरेटशी याचा काडीचा संबंध नाही हे लोकांनी लक्षात घ्यावं.

माझं सांगायचं तर सेहेचाळिसाव्या वर्षी ॲडमिशन घेतलं, वर्षातून दोनदा पंधरा पंधरा दिवस कॉलेजात राहायचं आणि मधल्या काळात वाचन, असाइनमेंट. वर्गात नागालँडचे दोघं, केरळचे तिघं, ओडिशाचा एक, मराठी मी एकटाच. रविवारी उपासना, बुधवारी घरोघर प्रार्थना, मध्येच कुणाचं लग्न, कुणाची माती, आणि रात्री दहानंतर इंग्रजी पुस्तकं, एकेक पान दोनदा वाचायचो तेव्हा डोक्यात शिरायचं. बायको (तिला सगळे पाळकीणबाई म्हणतात) झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, तिच्या पगारावर फी भरली हे मी कुठंही सांगायला लाजत नाही.

विषय घेतला ऊसतोडीचा. आमच्या मंडळीतली निम्मी घरं पाथर्डी शेवगाव भागातली, दसरा दिवाळी झाली की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन टोळीबरोबर सांगली कोल्हापूरकडं नाहीतर पार बेळगावकडं जातात. नवरा बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला फडात, रात्री ट्रक आला तर भरायला, आणि राहायला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. परत येतात ते मार्च एप्रिलमध्ये. म्हणजे बघा, नाताळ गेला, बऱ्याचदा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टर पण गेला, वर्षाचे सगळे मोठे सण देऊळ अर्धं रिकामं आणि मी त्या रिकाम्या बाकांना उपदेश करत होतो. सतरा वर्षं केलं तसं. माझ्या कधी डोक्यातच आलं नाही की मंडळी तिकडं आहे तर पाळकानं इकडं का थांबायचं. हे डोक्यात आलं ते या अभ्यासामुळं.

तीन हंगाम मी एसटीनं जाऊन सात ठिकाणच्या कोप्यांवर राहिलो, प्रत्येक टोळीतून जिला वाचता येतं अशी एक बाई निवडली, तिच्याकडं शास्त्रपाठांची (बायबलच्या उताऱ्यांची) छोटी वही आणि उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक दिलं, रात्री साडेआठला मोबाईलवरून सगळ्यांची एकत्र प्रार्थना. नाताळात मी स्वतः जाऊन तिथंच प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा पवित्र विधी) दिलं. यावर आमच्या पंचांमध्ये (चर्चच्या कमिटीत) बरीच वादावादी झाली, मंडळीचे एक वडीलधारे पंच म्हणाले पास्टर हे पवित्र भोजन आहे ते पाचटावर बसून कसं द्यायचं, मग मी त्यांनाच सोबत नेलं. परत येताना ते गाडीत काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी तेच म्हणाले कधी निघायचं.

आता मुद्द्याचं. या अभ्यासात व्हर्बेटिम लिहायला लागतं, म्हणजे एखाद्या माणसाला भेटून आलात की त्याच दिवशी आठवून शब्द न् शब्द लिहायचा, तो काय बोलला मी काय बोललो, कुठं गप्प झाला, आणि मग गाईडसमोर ठेवायचं. ही पद्धत हॉस्पिटलमधल्या चॅप्लेनच्या (पेशंटसाठी नेमलेल्या पाळकाच्या) ट्रेनिंगमधून आली. अमेरिकेत वुस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन या चॅप्लेननं १९२५ मध्ये विद्यार्थ्यांना पेशंटमध्ये नेऊन शिकवायला सुरुवात केली, बॉइसन स्वतः मनोरुग्ण म्हणून दवाखान्यात राहून आलेले होते, आणि ते म्हणायचे की माणूस हाच जिवंत ग्रंथ आहे, जसं पुस्तक लक्ष देऊन वाचतो तसं माणसाला वाचायचं.

कोपीवर एक ताई मला म्हणाली, तिच्या परवानगीनं लिहितोय, "पाळकसाहेब, मुकादमाची उचल आज ना उद्या फिटंल, पण पोरगं दुखण्यातनं उठलं तवा देवाची घेतलेली उचल कवा फिटायची, नाताळ नाही, शुक्रवार नाही, सहा महिने देवळाची पायरी नाही." मी लगेच म्हणालो ताई देव हिशोब ठेवत नाही, चला प्रार्थना करू. व्हर्बेटिम वाचून गाईड म्हणाले तुम्हाला प्रार्थनेची एवढी घाई का झाली? त्या प्रश्नानं मी दोन रात्री झोपलो नाही. ती बाई कर्जाच्या भाषेत देवाबद्दल बोलत होती कारण तिचं सगळं आयुष्य त्या भाषेत चाललंय, आणि मी ऐकून न घेता तिला गप्प केलं.

आणि हे सगळं मला इंग्रजीत लिहायला लागलं. आमच्या कॉलेजचा नियमच तसा होता. उचल ला काय लिहिणार? ॲडव्हान्स लिहिलं. ॲडव्हान्स म्हटलं की ऑफिसातला पगार आठवतो, उचल म्हटलं की बाईचा गळा दाटून येतो, अख्खं कुटुंब सहा महिने बांधलं जातं. तळटीप दिली, अर्धं पान दिली, तरी ते वाक्य मेलं ते मेलंच. कोपी, फड, कोयता, पायरी, प्रत्येक शब्दाचं हेच. दोनशे तीस पानांचा प्रबंध झाला, व्हायवा चांगली झाली, बाहेरच्या परीक्षकांनी कौतुक केलं, पण ज्या बायकांच्या बोलण्यावर तो उभा आहे त्यांच्यातली एकही तो वाचू शकत नाही, आमचे पंचही नाही. पाळकाच्या कामावरची डॉक्टरेट मंडळीलाच वाचता येत नसेल तर ती लिहिली कुणासाठी हो?

आणि मराठीत ईशज्ञान लिहिता येत नाही असं कुणी म्हणू नये. सेरामपूरच्याच मिशनरी विल्यम केरींनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश काढला, १८११ मध्ये मराठी नवा करार. आमच्या नगरमधून १८४२ साली ज्ञानोदय निघालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आमच्याच जिल्ह्यात राहून अभंग ओवीत ख्रिस्त सांगितला, पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसून मूळ हिब्रू ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. आता तर मराठीला अभिजात दर्जा पण मिळाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये. बाकीच्या विद्यापीठांत कितीतरी विषयांचे प्रबंध मराठीत होतात, मग सेवेवरचा का नाही? परीक्षक मिळत नाहीत असं मला सांगण्यात आलं. महाराष्ट्रात मराठी जाणणारे इतके ईशज्ञानाचे प्राध्यापक आहेत, एक तरी मिळेलच की. आणि सगळा नाही तर निदान व्हर्बेटिम आणि मुलाखती तरी मूळ मराठीत प्रबंधात छापा, त्याखाली इंग्रजी द्या, आणि पदवी देण्याआधी वीस पानांचा मराठी सारांश मंडळीसमोर वाचायची अट घाला. याला पैसे लागत नाहीत.

माझ्यापुरतं मी सुरू केलंय. रोज रात्री दोन पानं मराठीत परत लिहितोय, आणि खरं सांगतो, भाषांतर करायला लागतच नाही, वह्यांमधलं मूळ बोलणं काढलं की झालं. बायको शुद्धलेखन बघते. चौथं प्रकरण पूर्ण झालंय, त्यात ती उचलवाली ताई आहे. या नाताळात कोपीवर जाताना ते सोबत नेणार आहे, तिला वाचून दाखवायचंय आणि विचारायचंय की तुम्ही म्हणालात ते नीट लिहिलंय का, की अजून काही राहिलं.

आपला,
एक पाळक, अहिल्यानगर जिल्हा