"वाढीचं दुखणं" म्हणण्याआधी मुलाला एकदा चालवून बघा

मा. संपादक,

तुमच्या आरोग्याच्या पानावर लहान मुलांच्या पायदुखीवर जो छोटा लेख आला होता तो वाचला आणि तेव्हापासून हे पत्र लिहीन लिहीन म्हणतोय. लेखात चूक असं काही नाही. रात्री पाय दुखतात म्हणून रडणारी मुलं घरोघरी असतात, बहुतेकांचं ते वाढीचंच दुखणं असतं, चोळून दिलं की झोपतात, सगळं खरं. पण शेवटी जे लिहिलंय ना, की पालकांनी काळजी करायचं कारण नाही, ते वाचून राहवलं नाही. कारण हेच वाक्य आम्ही पाच आठवडे ऐकत होतो आणि त्या पाच आठवड्यांत आमची चार वर्षांची मुलगी चालायची थांबली.

सुरुवात तापाने झाली. सर्दी नाही, खोकला नाही, घसा नाही, नुसता ताप. संध्याकाळी सहा-सातला अंग तापायला लागायचं, थर्मामीटर १०३-१०४ दाखवायचा, मध्यरात्रीनंतर घाम येऊन उतरायचा आणि सकाळी पोर एकदम गार. आम्ही डॉक्टरांकडे जायचो सकाळी, त्यामुळे त्यांनी बघितलं की दर वेळी ताप नॉर्मल. पहिला आठवडा व्हायरल म्हणून गेला, मग एक अँटिबायोटिक, मग ते बदलून दुसरं. पायाचं आम्ही पहिल्यापासून सांगत होतो, त्यावर उत्तर एकच, तापात अंग दुखतंच आणि या वयात पाय पण दुखतात, वाढीचं असतं. तीन डॉक्टर झाले, तिघांचंही हेच. त्यांच्याबद्दल मनात राग नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी, तिघांपैकी एकानेही तिला माझ्या कडेवरून खाली उतरवून चालायला लावलं नाही.

घरी काय दिसत होतं ते सांगतो. सकाळी उठली की पलंगावरून उतरायचीच नाही. दोन्ही हात वर करून बसून राहायची, "बाबा, उचल." मला वाटलं आजारी आहे म्हणून लाडात आलीय, एकदा तर मी चिडून म्हणालो की मोठी झालीस, चालत ये. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. जिना उड्या मारत उतरणारी मुलगी एकेका पायरीवर बसून घसरत उतरायला लागली. दहा-साडेदहा वाजले की जरा मोकळी व्हायची, खेळायची सुद्धा, मग आम्हालाच वाटायचं की आपण उगाच घाबरतोय. दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणायची. इतकं लहान मूल कधी सांधा दुखतोय असं म्हणत नाही हो, ते फक्त जे दुखतं ते करायचं सोडून देतं आणि आपल्याला वाटतं हट्टी झालंय, आळशी झालंय.

ताप चढला की मांड्यांवर आणि पोटावर फिकट गुलाबी चट्टे यायचे, खाज वगैरे काही नाही, आणि ताप उतरला की साफ गायब, जणू नव्हतेच. हे पण आम्ही सांगायचो पण दाखवायला काही नसायचं. शेवटी बायकोने फोनवर फोटो काढायला सुरुवात केली आणि एका वहीत वेळ घालून ताप लिहायला लागली, संध्याकाळी ७ ला १०३.६, रात्री १ ला ९८, सकाळी उठल्यावर डावा पाय टेकवत नाही, ११ ला खेळली. असं सलग अकरा दिवस. तेव्हा ते आपल्या समाधानासाठी चाललं होतं, पुढे त्या वहीवरच सगळं फिरलं.

चौथ्या डॉक्टरांनी आधी तिचे सगळे कपडे काढायला लावले, फक्त चड्डी ठेवली, आणि पॅसेजमध्ये अनवाणी चालायला सांगितलं. स्वतः खाली जमिनीवर बसले बघायला. मग दोन्ही गुडघ्यांवर हाताची मागची बाजू ठेवून बघितली, कुठला जास्त गरम आहे ते. मला जवळ बोलावून म्हणाले, हे बघा, उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या बाजूला खळगा दिसतोय, डाव्याला तो भरून गेलाय. पाच आठवडे मी त्या पोरीला आंघोळ घालत होतो आणि मला तो खळगा दिसला नव्हता. मनगटं पण पूर्ण वाकत नव्हती, ते तर आमच्या डोक्यातच नव्हतं. वही मागून घेतली, फोटो बघितले आणि म्हणाले हे वाढीचं दुखणं नाही.

आजार निघाला सिस्टेमिक जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात पण अख्ख्या शरीरात पसरणारा. मुलांना संधिवात होतो हेच आम्हाला माहीत नव्हतं, तो म्हाताऱ्यांचा आजार अशीच समजूत. आणि हे काही नवीन नाहीये, जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी १८९७ मध्येच मुलांमधला हा आजार लिहून ठेवलाय. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे तरी टिकलेली आणि दुसरं कुठलं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जेआयए. त्याचे बरेच प्रकार आहेत, आमच्या प्रकारात रोज ठरल्यासारखा एक-दोनदा चढून उतरणारा ताप आणि तापाबरोबर येणारे-जाणारे चट्टे ही खूण. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी, निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाही असं आम्हाला आधी एकाने सांगितलं होतं, पण जेआयएच्या बहुतेक मुलांमध्ये तो निगेटिव्हच असतो.

पण लगेच औषध सुरू झालं नाही आणि याबद्दल मला मुद्दाम लिहायचंय. आम्ही हात जोडून म्हणत होतो की स्टिरॉइड द्या, तिचं बघवत नाही. ते चौथे डॉक्टर म्हणाले आधी बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या आतला मगज, तपासल्याशिवाय स्टिरॉइडचा एक थेंब पण नाही. कारण रक्ताचा कॅन्सर, ल्युकेमिया, तो पण लहानपणी असाच पायाच्या नाहीतर सांध्याच्या दुखण्याने सुरू होऊ शकतो, ताप येतो, मूल लंगडतं, आणि सुरुवातीला साध्या सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीत, काहीच धड दिसलं नाही असंही होतं. त्यात स्टिरॉइड दिलं तर ते त्या पेशी तात्पुरत्या दाबून टाकतं, मुलाला बरं वाटतं, आणि खरा आजार लपून राहतो, निदान लांबतं आणि पुढचे उपचारही अवघड होतात. दोन ते पाच हे वय ल्युकेमियाचं सगळ्यात जास्त प्रमाणाचं वय आहे आणि आमची चारची. ते चार-पाच दिवस आम्ही कसे काढले ते लिहीत नाही. रिपोर्ट चांगला आला. आता कळतं की त्या डॉक्टरांनी आमचं ऐकलं नाही हेच बरं केलं. म्हणून सगळ्या पालकांना कळकळीने सांगतो, पाय का दुखतोय ते ठरलेलं नसताना कोणी "जरा ताकदीचं औषध देतो" म्हणालं तर त्यात स्टिरॉइड आहे का ते विचारा, आणि आहे म्हणाले तर कशासाठी ते विचारा.

मग वाढीचं दुखणं ओळखायचं कसं. हे नंतर मी बऱ्याच जणांना विचारून समजून घेतलं. ते दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी किंवा रात्री असतं, मांडीत, पोटरीत, गुडघ्याच्या मागे असतं, सांध्यात नसतं, आणि सकाळी मूल काही झालंच नाही असं पळत असतं. चोळलं की बरं वाटतं. ताप नाही, सूज नाही, लंगडणं नाही. खरं तर नावच फसवं आहे, कारण मूल सगळ्यात झपाट्याने वाढतं ते पहिल्या वर्षात आणि वयात येताना, आणि हे दुखणं असतं त्यामधल्या वर्षांत, मग ते वाढीमुळे होतं असं कसं म्हणणार. पण नाव पडलंय. आमच्या मुलीचं बरोबर उलटं होतं, सकाळी वाईट आणि दुपारी बरं, एक पाय जास्त, ताप, वजन कमी होत चाललेलं. म्हणजे त्या एका शब्दात न बसणाऱ्या सगळ्या गोष्टी आमच्याकडे होत्या आणि तरी तोच शब्द चिकटवला गेला.

काही दुखण्यांना तर पाच आठवडे काय, पाच तास पण देता येत नाहीत. मुलाला ताप आहे, एक सांधा गरम आणि सुजलेला आहे, किंवा मांडी जरा हलवली तरी किंचाळतंय, पाय टेकवतच नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच रात्री दवाखान्यात नेलं पाहिजे, सकाळची वाट बघायची नाही, कारण कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं मऊ आवरण, एकदा खराब झाली की झाली. तसंच खूप ताप असताना पाय दुखतायत म्हणून रडणं, हातपाय बर्फासारखे गार, रंग फिकट किंवा चट्टेरी, हे मेनिंगोकोकस नावाच्या जंतूच्या रक्तात पसरणाऱ्या इन्फेक्शनचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं, मान आखडणं आणि लाल-जांभळे ठिपके नंतर येतात. असे ठिपके दिसलेच तर काचेचा ग्लास दाबून बघा, दाबल्यावरही गेले नाहीत तर एक मिनिट थांबू नका. आणि ठिपके नाहीत म्हणून निर्धास्त पण राहू नका.

घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाहीये. उलट बऱ्याचदा कारण साधं निघतं. फ्लू उतरता उतरता एका सकाळी पोटऱ्या इतक्या दुखतात की मूल चवड्यावर चालतं, बघणाऱ्याला वाटतं पाय गेले, पण ते स्नायूंना आलेली सूज असते आणि आठवड्याभरात जाते, फक्त लघवी गडद चहासारखी झाली तर लगेच दाखवायचं. व्हायरल होऊन गेल्यावर खुब्याला तात्पुरती सूज येते ती पण एक-दोन आठवड्यांत बरी होते. हो, आणि खुब्याचं दुखणं मूल गुडघ्यात दुखतंय म्हणून सांगतं, गुडघ्याचा एक्स-रे काढतात, तो नॉर्मल येतो आणि सगळे निश्चिंत होतात. घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी आज हा सांधा उद्या तो सांधा असं फिरतं दुखणं आलं तर संधिवाताचा ताप असू शकतो, त्यात सांधे पूर्ण बरे होतात पण हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, तो चुकवून चालत नाही. म्हणजे कारण साधं की गंभीर हे घरी बसून कळत नाही, बघावंच लागतं. आणि तापात पाय दुखतोय म्हणून मुलाला ॲस्पिरिन मनाने देऊ नका, काही व्हायरल आजारांत त्याने मेंदूला आणि लिव्हरला इजा होऊ शकते.

डॉक्टर मंडळींना हात जोडून एकच विनंती. बाहेर पन्नास पेशंट बसलेत हे आम्हाला दिसतं. पण तापात पाय दुखणारं मूल समोर आलं तर त्याला कडेवरून उतरवा, चड्डीवर करा, चार पावलं चालवा, दोन्ही गुडघे शेजारी शेजारी बघा. चौथ्या डॉक्टरांना याला तीन-चार मिनिटं लागली असतील. आणि आईबाप सकाळचं काहीतरी सांगत असतील तर ते ऐका, कारण सकाळी सहाला त्या पलंगापाशी तेच उभे असतात, आणि मोबाईलवर फोटो दाखवत असतील तर बघा.

आता तिचं बरं आहे. औषधं चालू आहेत, काही महिने स्टिरॉइड होतं ते हळूहळू कमी करत बंद केलं, ठराविक दिवसांनी रक्त तपासतो, डोळे पण दाखवतो. जेआयएच्या काही प्रकारांत, विशेषतः थोडेच सांधे धरलेले असतात त्यांत, डोळ्याला आतून सूज येते, आणि ती पण न दुखता, न लाल होता, त्यामुळे मुलाला काही वाटत नाही म्हणून ती तपासणी टाळायची नाही. डावा गुडघा अजून थोडा कमी वाकतो, फिजिओथेरपी चालू आहे. पाच आठवडे आधी कळलं असतं तर वाकला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या तिने उडी मारून घेतल्या. बायको ओरडली, मी काही बोललो नाही.

संपादक साहेब, तो लेख पुन्हा कधी छापाल तर त्याच्या शेवटी एवढं टाका, की ताप असेल, मूल सकाळी लंगडत असेल, एकच पाय किंवा सांधा दुखत असेल, सूज असेल, वजन उतरत असेल, मूल फिकट पडलं असेल किंवा अंगावर काळेनिळे डाग येत असतील तर हे वाढीचं दुखणं समजू नका, दाखवा. पत्राला जागा कमी पडत असेल तर आमची हकीकत काढून टाका, पण हे वाक्य ठेवा.

आपला,
एका पाच वर्षांच्या मुलीचा बाबा