पन्नास म्हणजे किती?

सोलापूर, २० जानेवारी

प्रिय दोस्ता,

गड्ड्याच्या जत्रेला येऊन गेलास आणि घरी फिरकला नाहीस. का, ते कळलं. त्या रात्रीच्या फोनबद्दलच लिहायला बसलोय, पण आधी टॉवेलचं सांगतो.

डिसेंबरात आमच्या कारखान्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "पांढरे, तीस-साठ मापाचे, पन्नास पाठवा." मी हो-हो म्हणालो. आमचं सगळं बोलणं डझनात, म्हणून पन्नास डझन बांधले. त्याला हवे होते पन्नास नग! सहाशे टॉवेल गेले, साडेपाचशे परत आले. टेम्पोचं भाडं माझ्या पगारातून.

मालक गप्प राहिले. बोलले आमचे जॉबर, म्हणजे माग लावून देणारे, अण्णा. सोलापूरच्या पूर्वभागातला माणूस, घरात तेलुगू, मागावर मराठी, हाताखालची दोन पोरं कन्नड. तीन भाषांत काम करायचं म्हणजे ऐकलेलं परत सांगितल्याशिवाय ते मागाला हात लावत नाहीत. मला वाटायचं, म्हातारा उगाच वेळ घालवतो. परवा मी म्हणालो, "चार नंबरच्या मागावर काठ कमी करा." ते म्हणाले, "म्हणजे काठाची रुंदी कमी, टॉवेलची लांबी आहे तेवढीच. बरोबर?" लांबीचा विचार मी केलाच नव्हता बे! माझे शब्द पोपटासारखे परत म्हणाले असते तर ते कळलंही नसतं.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास भांडणाऱ्यांसाठी हाच नियम सुचवला होता. समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याला पटेल अशी आधी सांगायची, मगच आपलं बोलायचं. आपल्याकडे वादात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आधी मांडायचेच की. फक्त तो पुढे खोडून काढायला.

घरी करून बघितलं. "म्हणजे मी घरात लक्ष देत नाही, असं म्हणायचंय तुला?" बायको म्हणाली, "गॅस संपलाय, एवढंच म्हणाले मी." माझ्याच मनातलं तिच्या तोंडी घातलं होतं.

आता तुझं. तू काकूंचं सांगत होतास आणि मी दुसऱ्या वाक्याला "घर विक, पुण्याला ने" म्हणून मोकळा झालो. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. मला आता उमगलं ते असं: विकायचं की नाही हे तू विचारतच नव्हतास. काकूंनी तुला तुझ्या बाबांच्या नावानं हाक मारली, त्यानं तू हादरलास. दर महिन्याला येतोस, तरी कमी पडतो असं तुला वाटतं. आणि पुण्याला नेलं तर शेजारपाजार तुटून त्या आणखीच हरवतील, ही भीती. बरोबर? यात काही माझं घुसडलं असेल तर खोड, राहिलं असेल ते लिही. सल्ला देत नाही.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी काकूंकडे ठेवतोय. चटणी अर्धा किलो, तिखट कमी. असंच म्हणाला होतास ना?

तुझाच,
टॉवेलवाला